पहिला हिरवा

मर्ल ऑस्ट्रँडरला त्या चढाओढीतून काय मिळणार होतं ते मोजायला बसलं, तर एका हाताचंही एक बोट उरलं असतं. बर्निसच्या हॉटेलातल्या भिंतीवर रंगाने लिहिलेलं नाव, हे एक. तिच्या हातची अख्खी गोड पाई, जी दुसऱ्याला द्यायची की एकट्याने खायची हे जिंकणाऱ्यानेच ठरवायचं, हे दुसरं. शेगडीजवळची, भिंतीला पाठ टेकणारी खुर्ची पुढच्या वसंतापर्यंत, हे तिसरं. आणि चौथं, ज्याच्यासाठी पहिली तिन्ही सोडायला तो एका पायावर तयार झाला असता, ते म्हणजे एल्डन प्रॅटचं उतरलेलं तोंड. एल्डन लागोपाठ तीन वर्षं जिंकत होता. त्याची बाग उन्हाच्या उतारावर, त्यात त्याचा काय पराक्रम? पण खुर्चीत बसून असा बोलायचा की उतार त्यानेच फावड्याने ओढून तयार केलाय.

सरोवराच्या या काठावर एप्रिल लागला की नातवंडं झालेले बागायतदार झाडापुढे गुडघे टेकून कळ्यांकडे बघत बसतात. मॅकिंटॉश सफरचंदाच्या डहाळीवर कळीचं टोक उकललं पाहिजे, आत हिरवं दिसलं पाहिजे, आणि ती डहाळी न्याहारीच्या वेळेला बर्निसच्या टेबलावर पडली पाहिजे. ज्याची आधी पडली त्याचा पहिला हिरवा. डहाळी सगळ्या टेबलांवरून फिरते. प्रत्येकजण चष्मा कपाळावर चढवून ती नाकाला लावतो आणि हे हिरवं नसून पिवळं आहे असं म्हणून बघतो. कुणाच्या आजोबांनी हे सुरू केलं यावरही दोन घरांचं भांडण आहे.

हे नुसतं पाईपुरतं राहिलं असतं तर बोलायचं कारण नव्हतं. पण कृषी केंद्रातली थीडा कोल्स ही व्यवहारी बाई. पूर्वी ती दर बागेत जाऊन विचारायची, "कळी कधी फुटली?" आणि दर बागेत तिला, "फुटली असेल की," असं उत्तर मिळायचं. शेवटी तिने नाद सोडला आणि भिंतीवरची तारीख उचलायला लागली. शास्त्रासाठी न वाकणारे गुडघे पाईसाठी वाकतात, तर वाकू देत, तिचं काय जात होतं?

त्या तारखेवर सगळा काठ फवारतो. सफरचंदावर काळे डाग पाडणारी खपलीची बुरशी गेल्या सालच्या गळलेल्या पानांत हिवाळा काढते. कळी हिरवी झाली की पानातलं तिचं बी पिकू लागतं आणि दर पावसात थोडंथोडं उडून नव्या पानावर, कोवळ्या फळावर बसतं. हिरव्याच्या तारखेपासून रोजची ऊब संगणकात जमा करत गेलं की किती बी पिकलं ते कळतं. वर पान किती तास ओलं राहिलं ते धरलं की कोणता पाऊस घातकी तेही कळतं. रोज सकाळी थीडाचा फोनवर निरोप येतो. आज धोका आहे, आज नाही. आणि एक दिवस शेवटचा निरोप येतो, की सगळं बी उडून संपलं. त्या दिवशी लोक फवारणीचे ब्लोअर धुऊन ठेवतात आणि बायकांना नवरे पुन्हा माणसासारख्या वासाचे मिळतात.

त्या एप्रिलमध्ये पहिला हिरवा मर्लचा ठरला. काठावर बर्फाचे डाग होते, एल्डन अजून लोकरी टोपीत होता, आणि मर्लने डहाळी टेबलावर टाकली ती नुसती टोकाला हिरवी नव्हती, उंदराच्या कानाएवढी पानं उघडायच्या बेतात होती.

"हे कुठलं?" एल्डनने विचारलं.

"माझ्या बागेतलं. तुझ्यातलं असतं तर तू आणलं असतंस."

हॉटेल हसलं. थीडाने कॉफीचा घोट घेतला आणि फोनमध्ये तारीख टिपली.

आर्डिस ऑस्ट्रँडर, मर्लची बायको, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून हे बघत होती. झाड तिला माहीत होतं. त्यांच्या शीतगृहाच्या मागे, यंत्राची गरम हवा जिथे बाहेर पडते तिथे भिंतीला लागून एकच मॅकिंटॉश उभं आहे. मार्चमध्ये मर्लने त्याच्या एका फांदीभोवती गोणपाट गुंडाळलं होतं, हवेच्या झडपा तिकडे वळवल्या होत्या आणि रोज न्याहारीआधी तिकडे जाऊन यायचा. तेव्हा तिला हसू आलं होतं. साठीतला माणूस, एका फांदीचं बाळंतपण करतोय. हॉटेलात मात्र त्याने अख्खी पाई समोर ओढून घेतली, एल्डनकडे बघत बघत शेवटच्या तुकड्यापर्यंत एकट्याने खाल्ली, ताटलीतला रस बोटाने पुसून बोट चाटलं आणि मिशीत अडकलेला चुरा जिभेने शोधत बसला. तेव्हा तिला पहिल्यांदा त्याची किळस आली. एवढंच, की तिने ती पाईवर ढकलली.

आर्डिसचा धाकटा भाऊ रूबेन, रूब, सरोवराला लागून सखल जमिनीत बाग करतो. आईवडिलांची बाग तीच. जमीन चांगली, पण सकाळचं धुकं तिथे सगळ्यांत शेवटी उठतं आणि पानं दुपारपर्यंत ओली राहतात. आदल्या शरदात रूबच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. गळलेली पानं यंत्राने बारीक करून टाकायची असतात म्हणजे बुरशीला हिवाळा काढायला घर राहत नाही, ते काम राहून गेलं. त्याची बायको कोरली म्हणाली होती की मी चालवते ट्रॅक्टर. रूब म्हणाला, तू उतारावर उलटवशील. आणि झाडांखाली पानांचा थर तसाच राहिला.

मे महिन्यात आर्डिस त्याच्याकडे हात लावायला जायची. फांद्या ओढून ढीग करायच्या, उंदरांनी कुरतडलेल्या बुंध्यांना जाळी बांधायची. हातमोज्याने पानांचा थर उचलला की खालून ओल्या कुत्र्याचा वास येई. पानं काळी, बुळबुळीत, एकाला एक चिकटलेली, आणि त्यांच्या पाठीवर पुरळ उठल्यासारखे बारीक काळ्या पुटकुळ्या. प्रत्येक पुटकुळीत बी.

"बघ, माझं पीक," रूब म्हणाला. "सफरचंदांआधी हे तयार."

"हसतोस काय? निरोप बघत जा."

"तोच तर आधार आहे, बाई. गुडघा सांगतो बसून राहा, निरोप सांगतो ऊठ. दोघांत निरोपाचं ऐकतो मी."

आणि खरंच ऐकत होता. धोक्याच्या प्रत्येक पावसाआधी लंगडत ब्लोअरवर चढायचा. औषधाची पांढरी पूड भुवयांत, कानात, दातांवर. रात्रीचं जेवण त्याला गंजक्या खिळ्यासारखं लागे. कोरली त्याचे कपडे अंगणातच उतरवून घेई, काठीने उचलून पाण्यात टाकी आणि म्हणे, "लग्न सफरचंदवाल्याशी केलं होतं, मिळाला भिजलेला पोपडा." आदल्या वर्षीच्या गारपिटीत त्यांचा सगळा माल रसाच्या कारखान्यात गेला होता. यंदा फळं निवडून पेट्या भरणाऱ्या पॅकहाउसने पुन्हा ताज्या फळासाठी त्यांचं नाव घेतलं होतं, पण बजावून. लागोपाठ दुसऱ्या साली डागी माल आला, तर पुढे त्यांची फळं दारात उतरवून घेणार नव्हते. सखल बागेला दुसरं पॅकहाउस विचारतही नाही. बाग राहणार की जाणार ते या एका पिकावर होतं, आणि हे रूब, कोरली, आर्डिस, मर्ल अशा चौघांनाही माहीत होतं.

जूनच्या सुरुवातीला शेवटचा निरोप आला. बी संपलं. धोका टळला.

त्या सकाळी सगळ्या काठावर नळ वाहत होते. लोकांनी टाक्या धुतल्या, नळ्या झटकल्या. एल्डनने आपला ब्लोअर बर्निसच्या हॉटेलासमोर आणून धुतला, कारण त्याच्या घरी त्याला कोणी बघत नव्हतं. रूबने धुतला, तोट्या काढून रॉकेलात बुडवल्या आणि कोरलीला घेऊन गावात आइस्क्रीम खायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ पश्चिमेकडून शिशासारखं भरून आलं. रेडिओवर दोन-तीन दिवसांचा पाऊस सांगत होते. आर्डिस अंडी घेऊन शेडकडे गेली, तर आत पंप चालू होता. मर्ल तोंडाला फडकं बांधून टाकीत पांढरी पूड ओतत होता.

"काय करतोयस?"

"टाकी धुतोय."

"पूड घालून?"

मर्लने पोतं झटकलं. "अंडी ठेव आणि जा. उडेल अंगावर."

"निरोपात तर संपलं म्हणून आलंय."

"आलंय ना. मग आलंय."

"मग हे कुणासाठी?"

"माझ्या बागेसाठी. स्वतःच्या बागेची काळजी घ्यायला आता तुझी परवानगी लागेल का?"

ती तिथेच उभी राहिली. टाकीत पाणी दुधासारखं फिरत होतं. मग सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं.

"ती डहाळी शीतगृहामागची होती," ती म्हणाली.

"कळी होती ना? हिरवी होती ना? मॅकिंटॉशची होती ना? झाड कुठे असावं हे कुठल्या नियमात आहे?"

"ते नियम पाईचे झाले, मर्ल. थीडाने सगळं गणित त्याच तारखेवर मांडलंय, म्हणजे शेवटचा निरोपही आधीच आलाय."

"मी सांगितलं होतं तिला, मांड म्हणून?"

"बागेतल्या कळ्या खऱ्या कधी फुटल्या?"

तो पोत्याचं तोंड वळत राहिला.

"मर्ल. किती फरक पडतो?"

"आठवड्याचा पडत असेल. त्या आसपास." आणि मग, चूक हवामानाची असल्यासारखा, "या एका पावसाचा प्रश्न आहे. एवढा गेला की खरंच संपतंय सगळं."

"म्हणजे बी आहे अजून. आणि तुला माहीत आहे."

"ज्याला बागायत कळते तो स्वतःच्या डोळ्याने बघतो. फोनवर विसंबून कुणी बसायला सांगितलंय?"

"रूबला सांग."

"काय सांगू?"

"फवार म्हणून सांग. तीन शब्दसुद्धा लागत नाहीत."

"का म्हणून विचारेल. मग का ते सांगावं लागेल. रूबच्या तोंडात तीळ भिजत नाही. दुपारपर्यंत बर्निसकडे पोचेल, संध्याकाळी एल्डन माझ्या दारात गोणपाट टांगून जाईल." त्याने फडकं खाली ओढलं. गालांवर पांढरी रेघ उमटली होती आणि ओठांच्या कोपऱ्यात पुडीचा चिकटा साचला होता. "एका खुर्चीसाठी माझी सालटी काढतील लोक. तुला तेच हवंय का?"

"एका खुर्चीसाठी," आर्डिस म्हणाली.

तो ट्रॅक्टरवर चढला. जाता जाता अंडी कुठे ठेवलीस, असं विचारलं.

ती रूबकडे गेली. वाटेत तिने चार वाक्यं जुळवली आणि फाटकात पोचेपर्यंत चारही मोडली. नवऱ्याला उघडं पाडायचं म्हणजे स्वतःही त्यात आलीच. मार्चमध्ये गोणपाट बघून हसली होती ती.

रूब व्हरांड्यात गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवून बसला होता. कोरली शेजारी वाटाणे सोलत होती.

"एकदा आणखी फवारून घे," आर्डिस म्हणाली. "पाऊस मोठा दिसतोय."

"कशाला? निरोप वाचला नाहीस?"

"वाचला. तरी."

"तरी म्हणजे? यंत्र म्हणतं संपलं आणि माझी बहीण म्हणते तरी." तो हसला. "तोट्या रॉकेलात आहेत, गुडघा बर्फात आहे. मर्ल फवारतोय का?"

हा प्रश्न तिने धरला नव्हता. "त्याचं… तो टाकी धुतोय," ती म्हणाली. तोंडातून शब्द बाहेर पडले आणि तिला मर्लचा आवाज ऐकू आला.

कोरलीने वाटाण्यावरचं लक्ष काढून तिच्याकडे पाहिलं. "फवारून टाकू या, रूब," ती म्हणाली. "ताई उगाच एवढ्या लांब चालत नाही आली."

"तू वाटाणे सोल."

पहिले थेंब तिथे बसल्या बसल्याच पडायला लागले.

पाऊस शुक्रवारी लागला तो शनिवारभर राहिला. उबदार, बारीक, बुरशीला मागून घेतल्यासारखा. आर्डिसने खिडकीतून बघितलं की पानं चकाकत होती, आणि सखल बागेतली याहून चकाकत असतील हे तिला दिसत होतं. मर्ल दोन्ही दिवस शेगडीजवळच्या खुर्चीत काढून आला आणि बर्निसच्या मटणाच्या रश्श्याविषयी बोलला. जेवताना हाड चोखायचा त्याचा आवाज तिने छत्तीस वर्षं ऐकला होता. शनिवारी ती ताट घेऊन स्वयंपाकघरात उभी राहून जेवली.

रविवारी पाऊस थांबला नव्हता, पण ती छत्री न घेता गेली आणि फाटकातूनच सगळं सांगून टाकलं. डहाळी, गोणपाट, तारीख, टाकीतली पूड. रूब ऐकत होता. त्याचा चेहरा लाल झाला नाही, उलट सगळं रक्त कुठेतरी गळून गेलं.

"म्हणजे परवा मर्ल फवारत होता."

"हो."

"आणि तू म्हणालीस, धुतोय."

"हो."

त्यानंतर बोलली ती कोरली. "आमच्याकडे अजून आजचा दिवस आहे. पानात शिरलेली बुरशी आतून मारणारं औषध असतं, दुकान आज बंद, पण मर्लच्या शेडमध्ये आहे. आहे ना, आर्डिस?"

"आहे. मी आणते, आत्ता."

"त्याच्या शेडमधलं काही माझ्या झाडांना लागणार नाही," रूब म्हणाला.

"रूब, डोकं ठिकाणावर आहे का?"

"नाही लागणार म्हणजे नाही लागणार."

"अरे, तुला मर्लला मारायचंय की खपलीला?" कोरली ओरडली. "मर्लला नंतर मार, मी धरते त्याला! आधी औषध येऊ दे!"

पण तो उठला होता. जुन्या गोठ्यात त्याच्या बापाच्या वेळचं गंधक-चुन्याच्या औषधाचं पिंप होतं. पानाला लागलेल्या बुरशीला जाळतं, तेवढं खरं. पण ते उन्हात पानालाही जाळतं आणि फळालाही, म्हणून कोणी हात लावत नाही. रूबने झाकण पहारीने उचकटलं, आणि गोठ्यातून वास निघाला, असा की दहा कोंबड्यांची सडलेली अंडी एकदम कोणी तोंडात फोडावीत. कोरली दाराशी वाकली आणि सकाळचं सगळं ओकली. रूबने तोंड पुसायलासुद्धा वेळ दिला नाही. तिने नळी धरायची, त्याने पंप मारायचा. लाल-पिवळं पाणी टाकीत पडताना तिच्या मनगटांवर, बाह्यांवर उडत होतं. आर्डिस मदतीला वाकली तर रूब म्हणाला, "तू घरी जा. तुझ्याकडे धुणं असेल."

त्याने त्या पावसातच सगळी बाग फवारली. पानांवरून पिवळे ओघळ आले. संध्याकाळी दोघांनी तीन वेळा साबण लावला, व्हिनेगर लावलं, टोमॅटोचा रस लावला. वास गेला नाही. उशीला लागला, भाकरीच्या पिठाला लागला, मांजर घर सोडून गोठ्यात आणि गोठा सोडून रस्त्यावर गेलं.

आणि सोमवारी सकाळी ढग फाटून ऊन पडलं. असं कडकडीत की ओल्या मातीतून वाफ निघाली. मंगळवारी पानांच्या कडा तपकिरी झाल्या. त्या आठवड्यात कोवळ्या फळांची साल खरखरीत, गंजल्यासारखी व्हायला लागली. आणखी काही दिवसांनी, जी पानं वाचली होती त्यांवर शेवाळी मखमलीचे गोल डाग उमटले. बोट फिरवलं की बोटाला काजळी लागे. सगळी बुरशी मेली नव्हती. जे जळलं ते औषधाने, उरलं ते खपलीने. रूबने दोन्हीकडून मार खाल्ला.

त्याच महिन्यात चर्चच्या मागच्या अंगणात स्ट्रॉबेरीची पंगत असते. सगळा काठ येतो. रूब आणि कोरली आली, कारण न येणं म्हणजे विचारपूस करायला लोकांना घरी बोलावणं. ती दोघं बाकावर बसली आणि शेजारचे लोक हळूहळू, बोलता बोलता, ताट सावरत, एकेक वीत सरकले. कोरलीचे हात मनगटापर्यंत पिवळे होते. तिने ते मांडीखाली धरले होते.

"कोंबडी बसलीय का रे इथे कुठे?" एल्डन प्रॅटने हवा हुंगत विचारलं. "नासलंय एखादं अंडं."

लोक हसले. सगळ्यांत जास्त वेळ मर्ल हसला. तोंडात स्ट्रॉबेरी होती, लाल लाळ हनुवटीवर आली, ती त्याने मनगटाने पुसली आणि म्हणाला, "अरे, सांगून तरी फवारावं माणसाने! निरोप संपल्यावर कोण फवारतं?"

आर्डिसच्या हातात मलईचं मोठं भांडं होतं. ते तिने मर्लच्या समोर ठेवलं.

"तू फवारलंस," ती म्हणाली. "निरोप आल्यावर, पाऊस लागला त्याच सकाळी, पांढरी पूड. कारण तुला माहीत होतं निरोप खोटा आहे. कारण तुझी डहाळी शीतगृहामागची होती, यंत्राच्या गरम हवेवर फुलवलेली, गोणपाटात. थीडाबाई, तुमची तारीख आठवड्याने चुकलीय. ती तारीख धरून रूब घरी बसला आणि आता हा वास येतोय."

अंगणात चमचे थांबले. आर्डिसने वाट बघितली. आता कोणीतरी उठेल, रूबकडे जाईल, निदान मर्लकडे बघून थुंकेल.

एल्डन प्रॅट उठला.

"म्हणजे," तो म्हणाला, "पहिला हिरवा माझा होता!"

"तुझा कसा?" पलीकडच्या टेबलावरून कोणीतरी ओरडलं. "तुझी डहाळी तरी कुठली? तुझं झाड डांबरी रस्त्याला लागून आहे. डांबराची ऊब चालते आणि यंत्राची चालत नाही?"

"डांबर सरकारने टाकलंय!"

"माझी खरी बागेच्या मधली होती, दोन दिवसांनी आणली होती मी, बर्निसला विचारा!"

"पाई खाल्ली त्याचं काय? पाई परत कशी घेणार?"

"मर्लने द्यावी करून. तीही अख्खी!"

बर्निस हातात सुरी घेऊन मध्ये उभी राहिली आणि म्हणाली की एका वसंतात दोनदा पाई ती करणार नाही, मग कोणीही कितीही खरा असो. त्यावर निम्मं अंगण हसलं आणि निम्मं भांडलं. थीडा फोन हातात घेऊन टेबलाटेबलाशी वाकत होती. "तुमच्या बागेत खरी कधी फुटली? खरी सांगा. मला गणित दुरुस्त करायचंय." ज्याला विचारावं तो आदल्यापेक्षा एक दिवस अलीकडची तारीख सांगत होता.

मग कोणी आपल्याकडे बघत नाही हे बघून मर्लने मलईचं भांडं पुढे ओढलं. "गंमत होती," तो आर्डिसला हळू आवाजात म्हणाला. "गंमत कळत नाही तुला. चारचौघांत नाक कापलंस." आणि चमचा बुडवला.

रूबच्या बाकाजवळ कोणी गेलं नाही. ती दोघं कधी उठून गेली तेही फक्त आर्डिसने पाहिलं.

मग शरद आला, तोडणी झाली, आणि सगळ्यांचे हिशेब मिटले. मर्लचं नाव बर्निसने पांढऱ्या रंगाने पुसलं. एक हात पुरला नाही, खालून अजून दिसतं, आणि नवखे लोक विचारतात तेव्हा मर्ल ती गोष्ट स्वतःच सांगतो, हसत, आर्डिसला वगळून, एल्डनने कशी चूक धरली यापर्यंत आणून. खुर्ची एल्डनला मिळाली. थीडाने पुढच्या सालापासून तारीख भिंतीवरून घ्यायची नाही, चार बागांत स्वतः जायचं ठरवलं, त्यात तिच्या चार सकाळी जातील. बाकीच्या काठाला फारसं लागलं नाही. कुणाची बाग उंचावर, कुणी पानं वेळेवर बारीक केलेली. मर्लचा माल त्या साली काठावर सगळ्यांत स्वच्छ निघाला. आर्डिस बाहेरच्या खोलीत झोपते. मर्लने तिला विचारलं, तिथे थंडी वाजत नाही का, आणि एक पांघरूण आणून दिलं.

रूबचं पीक रसाला गेलं. ट्रकने येऊन खडीसारखं ओतून नेलं. पॅकहाउसने आधी सांगितल्याप्रमाणे केलं. रूबने आर्डिसशी बोलणं टाकलं, मर्लशी टाकलं नाही. पुरुषाने पुरुषाला फसवलं ते त्याला समजत होतं. बागेचा सरोवराकडचा निम्मा तुकडा विकायला निघाला आणि विचारायला पहिला मर्लच आला. रूबने त्याला बसायला खुर्ची दिली.

ट्रॅक्टर चालवू का म्हणणारी, फवारून टाकू म्हणणारी, आधी औषध येऊ दे म्हणून ओरडणारी कोरली. तिने आता त्याच पॅकहाउसात निवडीचं काम धरलं आहे. सकाळी सहाला जाते. डोक्याला जाळी, कानात बोळे, मनगटांवर अजून पुसट पिवळं. पट्टा सुरू झाला की त्यावरून फळं येत राहतात आणि डागी असेल ते तिने उचलून खाली टाकायचं. पेट्यांवर बागेची चिठ्ठी असते. गेला आठवडाभर पट्ट्यावर ऑस्ट्रँडरचा माल आहे. लाल, गुळगुळीत, धुतलेला, एकामागे एक. कोरली प्रत्येक फळ फिरवून बघते, देठाजवळ बघते, खालून बघते. डाग सापडत नाही. ती ते पुढे सोडते.